पनवेलच्या पावसात मांसल व घरातील झाडांचा संग्रह



पनवेल तालुक्यात भातशेतीचे क्षेत्र आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवी मुंबईच्या उभारणीसाठी ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्याविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात मोठे आंदोलन झाले, गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. ज्यांच्या घरी पूर्वी एकरांवर भात होता, त्यांच्यापैकी अनेकांकडे आज घरापुढचे अंगण, मागचे परसू, घरावरची गच्ची किंवा फार तर अर्धा गुंठा मोकळी जागा उरली आहे. दुसरीकडे खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल येथे हजारो सदनिका उभ्या आहेत. त्या घरांच्या गॅलऱ्या लहान आहेत आणि तेथील लोकांना लहान कुंडीतली, कमी देखभालीची झाडे हवी असतात.

त्यामुळे कोरफड, हॅवर्थिया, कॅक्टस, अडेनियम यांसारख्या मांसल वनस्पती, म्हणजे रोपवाटिकेत ज्यांना सक्युलंट म्हणतात ती झाडे, तसेच मनी प्लॅन्ट, स्पायडर, ॲग्लोनिमा यांसारखी घरात ठेवण्याची झाडे जमवून त्यांची पैदास करण्याकडे अनेकांचा कल आहे. हा जोडधंदा चांगला आहे. मात्र त्यात एक मोठी अडचण आहे. हिवाळ्यात हौसेने आणलेल्या मांसल झाडांपैकी बरीच झाडे पहिल्याच पावसाळ्यात कुजतात. ती का कुजतात आणि कशी वाचवावीत, हे समजून घेतल्याशिवाय या झाडांवर पैसा घालू नये.

मांसल झाड कसे जगते?

मांसल झाड आपल्या पानात, खोडात किंवा मुळात पाणी साठवून ठेवते. कोरफडीचे पान कापले की आत जो गर दिसतो तो हा साठा होय. या झाडांच्या पानांवरील रंध्रे बहुधा दिवसा बंद राहतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कर्बवायू झाड आम्लाच्या रूपात साठवून ठेवते व दिवसा उन्हात त्याचे अन्न तयार करते. त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी उडून जात नाही.

ही गोष्ट आपल्याच देशात फार पूर्वी नोंदली गेली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील वनस्पतितज्ज्ञ बेंजामिन हाइन यांनी १८१३ मध्ये लंडनला पाठवलेल्या पत्रात लिहिले होते की, पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा निघून जातो. तुमच्या परसातली पानफुटीही हेच करते. (पानफुटीत विषारी घटक असतात, म्हणून हा प्रयोग चाखून करू नये.)

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. भाताला उभे पाणी चालते, भाजीपाल्याला वाफसा लागतो, आणि मांसल झाडाला वाफशापेक्षाही कोरडी जमीन लागते. त्याला पाणी थोड्या वेळात भरपूर मिळावे आणि लगेच निघून जावे. मुळांभोवती पाणी आणि हवा दोन्ही हवीत. कुंडीतली माती आठ-दहा दिवस ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती मरतात आणि मेलेल्या मुळांतून बुरशी वर चढते.

पाऊस नव्हे, साचलेले पाणी घातक

पनवेल परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मग मांसल झाडे आपल्याकडे जगणारच नाहीत काय? तसे नाही. बांधावरची निवडुंगाची वई आठवा. ती चार महिने धो धो पावसात भिजते, पण कुजत नाही, कारण बांधाच्या उतारावर पाणी थांबत नाही.

दुसरे उदाहरण सह्याद्रीतलेच आहे. शिंदळ माकुडी ही मांसल खोडाची वनस्पती फक्त महाराष्ट्रात सापडते. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा किल्ल्यांच्या कड्यांवर ती उगवते. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी डालझेल यांनी १८६० च्या दशकात तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्या वेळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. पावसाळ्यात तिला पाने येतात, त्याच हंगामात गर्द तांबड्या रंगाची, पिवळसर ठिपक्यांची चांदणीसारखी फुले येतात, आणि उन्हाळ्यात पाने गळून नुसती मांसल खोडे राहतात. कड्याच्या फटीत मूठभर माती असते. पाऊस येतो, मुळे भिजतात आणि पाणी कड्यावरून खाली जाते. हे झाड आता दुर्मिळ झालेले असल्याने ते कड्यावरून कधीही उपटून आणू नये. मात्र त्याने दिलेला धडा आपल्या कुंडीत जरूर आणावा. आपली कुंडी म्हणजे कड्याची फट झाली पाहिजे, भाताचे खाचर नव्हे.

झाडांची निवड

संग्रह सुरू करताना दिसेल ते झाड घेऊ नये. किनाऱ्याच्या दमट हवेत कोणते झाड टिकते याचा विचार करून तीन गट पाडावेत.

पहिला गट, सहज टिकणारी मांसल झाडे : कोरफड, हॅवर्थिया, गॅस्टेरिया, स्नेक प्लॅन्ट (सॅन्सेव्हेरिया), काटेरी युफोर्बिया मिली, शेर, अडेनियम, पानफुटी व तिच्या जातीचे कलांचो. आपल्याकडे जेड या नावाने जे झाड विकले जाते ते पुष्कळदा पोर्ट्युलॅकारिया असते. त्याची पाने लहान व खोड तांबूस असते. ते आपल्या हवेत चांगले वाढते. खरे जेड, म्हणजे क्रॅसुला, मोठ्या जाड पानांचे असते आणि पावसाळ्यात ते लवकर कुजते. विकत घेताना हा फरक पाहावा.

दुसरा गट, अनुभव आल्यावर घ्यावीत अशी झाडे : गोल कॅक्टस, एकेव्हेरिया, सेडम, लिथॉप्स. एकेव्हेरिया मेक्सिकोतील डोंगराळ भागातली आहे आणि लिथॉप्स दक्षिण आफ्रिका व नामिबियाच्या कोरड्या प्रदेशातली. त्यांना थंड रात्री आणि कोरडी हवा लागते. पनवेलच्या जुलै-ऑगस्टमधील उबदार, ओलसर रात्री त्यांना मानवत नाहीत. पहिल्या वर्षी यांच्यावर खर्च करू नये. लाल-पिवळ्या डोक्याचा रंगीत कॅक्टस बाजारात मिळतो, तो कलम केलेला असतो. वरच्या रंगीत भागात हरितद्रव्य नसते, त्यामुळे तो एकटा जगत नाही. खालचा खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा असतो. असे कलम फार वर्षे टिकत नाही, हे गिऱ्हाइकालाही सांगावे.

तिसरा गट, घरातील पानांची झाडे : मनी प्लॅन्ट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, ॲग्लोनिमा, डायफेनबेकिया, स्पायडर, झेडझेड, रबर, अरेका पाम. यांपैकी बरीच झाडे उष्ण, दमट जंगलांतली असल्याने त्यांना आपली हवा मानवते. स्पायडर प्लॅन्ट तर आपल्या ओळखीच्या कुळातला आहे. पहिल्या पावसानंतर आपण जी कुलूची किंवा फोडशीची भाजी खातो, ती त्याच क्लोरोफायटम प्रजातीची आहे.

या गटांचे हंगाम परस्परांना पूरक आहेत. पानांच्या झाडांची वाढ जून ते ऑक्टोबरमध्ये जोमाने होते, तर मांसल झाडांचे कामाचे दिवस ऑक्टोबर ते एप्रिल असतात. म्हणून केवळ मांसल झाडांवर अवलंबून न राहता दोन्ही ठेवावीत. वर्षभर काम मिळते आणि एका गटात नुकसान झाले तर दुसरा हात देतो.

मांडव व मांडणी

मांसल झाडांना पावसाळ्यात डोक्यावर छप्पर हवेच. दहा फूट रुंद व वीस फूट लांब मांडव सुरुवातीला पुरतो. छपरासाठी पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्रा किंवा २०० मायक्रॉनचा, अतिनील किरणांना टिकणारा प्लॅस्टिक कागद वापरावा. छप्पर मध्ये नऊ-दहा फूट उंच ठेवून त्याला चांगला उतार द्यावा. आपल्याकडे पावसाच्या सरी नैर्ऋत्येकडून तिरक्या येतात. म्हणून छपराची कड दोन फूट बाहेर काढावी आणि त्या बाजूला शेडनेटचा पडदा लावावा. बाकीच्या बाजू उघड्या ठेवाव्यात. चारही बाजूंनी प्लॅस्टिक लावून मांडव बंद करू नये. आत घाम धरतो आणि पावसाशिवायच झाडे कुजतात.

कुंड्या जमिनीवर न ठेवता बांबूच्या किंवा लोखंडी अँगलच्या अडीच फूट उंच मांडण्यांवर ठेवाव्यात. मांडणीला फटी असाव्यात. दोन कुंड्यांमध्ये किमान दोन इंच अंतर ठेवावे. चार इंची कुंडीला असे अंतर धरल्यास एका चौरस फुटात चार कुंड्या बसतात. मांडवाचे २०० चौरस फूट क्षेत्र धरून निम्मी जागा मांडण्यांसाठी ठेवली तरी ४०० कुंड्या राहतात. संग्रह सुरू करायला ही संख्या पुष्कळ झाली.

मांडव घालणे शक्य नसेल तर पडवीची कड, गच्चीवरील पत्र्याची शेड किंवा खिडकीचा सज्जा वापरावा. मात्र पागोळ्यांखाली कुंडी कधीही ठेवू नये. पानांच्या झाडांसाठी ५० ते ७५ टक्के सावलीचे शेडनेट पुरेसे असते. त्यांना पावसाचे पाणी चालते, फक्त कुंडीत साचू देऊ नये.

कुंडी व मिश्रण

आपल्या दमट हवेत मांसल झाडांना मातीची कुंडी उत्तम. तिच्या अंगातून ओल बाहेर जाते. कुंडी झाडाच्या मानाने लहान असावी. मोठ्या कुंडीत न वापरलेली माती ओली राहते. तळाला भोक मोठे असावे.

मांसल झाडांसाठी मिश्रण पुढीलप्रमाणे करावे :

१) खडीच्या क्रशरवरची कच, ३ ते ६ मिलिमीटर आकाराची : ४ भाग
२) विटांचे किंवा जांभ्याचे बारीक तुकडे : २ भाग
३) चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत : २ भाग
४) जळलेले भाताचे तूस : १ भाग

कच चाळून तिच्यातली भुकटी काढून टाकावी. भुकटी राहिली तर ती पाण्याबरोबर बसून घट्ट थर होतो. खाडीची रेती वापरू नये, तिच्यात मीठ असते. वापरावीच लागली तर तीन-चार पाण्यांनी धुऊन, वाळवून घ्यावी. खाचरातली चिकण माती या मिश्रणात अजिबात घालू नये.

मिश्रण बरोबर झाले की नाही ते असे पाहावे. कुंडी भरून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतावे. पाणी वर न साचता दहा-पंधरा सेकंदांत खालून वाहू लागले पाहिजे. तसे न झाल्यास आणखी कच मिसळावी.

अनेक जण तळाला दगडांचा जाड थर देतात आणि वर साधी माती भरतात. याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतले पाणी मोठ्या दगडांच्या थरात सहजी उतरत नाही, ते मातीच्या खालच्या भागातच थांबते. त्यामुळे ओल उलट मुळांच्या जवळ येते. भोकावर एक खापरी ठेवावी आणि संपूर्ण कुंडीत एकच मोकळे मिश्रण भरावे.

घरातील पानांच्या झाडांसाठी कोकोपीट २ भाग, गांडूळखत १ भाग, पोयटा माती १ भाग आणि जळलेले तूस १ भाग असे मिश्रण वापरावे.

पाणी व्यवस्थापन

ठरावीक वारी पाणी घालण्याची सवय सोडावी. पातळ बांबूची काडी कुंडीत तळापर्यंत घालून पाच मिनिटांनी काढावी. काडी ओलसर निघाली तर मांसल झाडाला पाणी देऊ नये. सवय झाल्यावर कुंडी उचलूनच वजनावरून अंदाज येतो. साधारण अंतर पुढीलप्रमाणे राहील, पण काडी सांगेल ते खरे :

उन्हाळा (मार्च ते मे) : मांसल झाडांना ५ ते ७ दिवसांनी.
पावसाळा (जून ते सप्टेंबर) : हॅवर्थिया, गॅस्टेरिया, कोरफड यांना छपराखाली १५ ते २० दिवसांनी थोडे. गोल कॅक्टसला जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो देऊच नये.
हिवाळा (नोव्हेंबर ते फेब्रुवारी) : १० ते १२ दिवसांनी. अडेनियमची पाने गळली असल्यास त्याहून कमी.

पाणी सकाळी द्यावे. पानांच्या बेचक्यात व कॅक्टसच्या डोक्यावर पाणी राहू देऊ नये. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठवू नये.

पानांच्या झाडांना वरची एक इंच माती सुकली की पाणी द्यावे. झेडझेड व रबर यांना थोडे अधिक सुकू द्यावे.

पनवेल-उरण पट्ट्यात खाडीजवळच्या अनेक विहिरी व कूपनलिकांचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. या भागातील खार जमिनीचा प्रश्न इतका जुना आहे की कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे आणि पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या भातजाती त्याच कामातून आल्या. भाताची अशी जात क्षार सोसते, पण स्पायडर व ॲग्लोनिमाची पाने टोकांकडून करपू लागतात. मातीच्या कुंडीवर पांढरा थर धरला तर तेही क्षाराचेच लक्षण असते. जवळच्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावे. विद्युत वाहकता ०.७ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास काळजी नाही.

पाणी खारट असेल तर पावसाचे पाणी साठवावे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. वर सांगितलेल्या मांडवाचे छप्पर सुमारे १८ चौरस मीटर होते. म्हणजे शंभर मिलिमीटर पावसात सुमारे १,८०० लिटर पाणी मिळते. ज्या छपराने मांसल झाडांचे पावसापासून रक्षण होते, तेच छप्पर उन्हाळ्यासाठी गोडे पाणी देते. टाकी झाकून ठेवावी, म्हणजे डास होत नाहीत.

खत

मांसल झाडांना खत कमीच द्यावे. ऑक्टोबर-नोव्हेंबर व फेब्रुवारी-मार्चमध्ये महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून द्यावे. पावसाळ्यात देऊ नये. जास्त नत्राने झाड फुगते, लुसलुशीत होते आणि लवकर कुजते. पानांच्या झाडांना जून ते ऑक्टोबर या काळात दर पंधरा दिवसांनी हेच खत दोन ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात द्यावे.

कूज कशी ओळखावी?

येथे सर्वांत जास्त चूक होते, म्हणून हा भाग दोनदा वाचावा.

भर पावसाळ्यात मांसल झाडाची पाने मलूल झालेली, सुरकुतलेली दिसतात. आपल्याला वाटते झाड तहानलेले आहे आणि आपण पाणी घालतो. प्रत्यक्षात मुळे आधीच कुजलेली असतात. मुळे नसल्याने झाडाला पाणी घेता येत नाही, म्हणून ते तहानलेले दिसते. वरून घातलेले पाणी उरलेले झाडही संपवते. म्हणून पावसाळ्यात मलूल झाड दिसले की पाण्याला हात न लावता आधी काडी घालून पाहावे. मिश्रण कोरडे असेल आणि पाने पातळ, सुरकुतलेली पण घट्ट असतील तर झाड खरोखर तहानलेले आहे, त्याला पाणी द्यावे. मिश्रण ओले असेल, खालची पाने पिवळट, काचेसारखी पारदर्शक व मऊ झाली असतील, बुंधा दाबल्यावर दबत असेल किंवा वास येत असेल, तर ती कूज आहे.

कूज दिसताच पुढीलप्रमाणे करावे :

१) झाड कुंडीतून काढून सर्व मिश्रण झटकावे. ते मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरू नये.
२) स्पिरिटने पुसलेल्या धारदार पात्याने कुजलेला भाग कापावा. कापलेली जागा पूर्ण स्वच्छ, डाग नसलेली दिसेपर्यंत वर वर कापत जावे. प्रत्येक वेळी पाते पुसावे.
३) कापावर गंधकाची भुकटी लावावी.
४) झाड सावलीत, हवेशीर जागी उलटे किंवा आडवे ठेवावे. कोरड्या दिवसांत ५ ते ७ दिवसांत काप सुकतो, पावसाळ्यात दहा-पंधरा दिवस लागतात. घाई करू नये.
५) काप सुकल्यावर झाड कोरड्या कचेत उभे करावे. आठवड्यानंतर थोडे पाणी द्यावे.

शेजारच्या कुंड्यांवर प्रतिबंध म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून फवारावे. मे महिन्यात मिश्रण बदलताना त्यात ट्रायकोडर्मा मिसळलेले कुजलेले शेणखत वापरल्यास मूळकूज कमी राहण्यास मदत होते. मात्र मिश्रण पाणी धरणारे असेल तर कोणत्याही औषधाचा उपयोग होत नाही.

किडी

पिठ्या ढेकूण : पानांच्या बेचक्यात पांढऱ्या कापसासारखे पुंजके दिसतात. थोड्या झाडांवर असल्यास कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसावेत. जास्त असल्यास निंबोळी तेल ५ मिलि व साबणाचे द्रावण १ मिलि प्रति लिटर पाण्यातून सायंकाळी फवारावे आणि आठ दिवसांनी पुन्हा फवारावे. मेणचट पानांच्या झाडांवर आधी एका पानावर फवारून पाहावे. नवीन आणलेले झाड पंधरा दिवस इतर झाडांपासून वेगळे ठेवावे व कुंडीतून काढून मुळेही पाहावीत, कारण या किडीचा एक प्रकार मुळांवर राहतो. ही कीड किरकोळ समजू नये. तिच्याच नात्यातला कोचिनियल किडा १७९५ मध्ये रंगासाठी म्हणून भारतात आणला गेला आणि त्याने रानोमाळ पसरलेले परदेशी फड्या निवडुंग साफ केले. मोकळ्या रानात जे झाले ते तुमच्या मांडवातही होऊ शकते.

गोगलगायी : पावसाळ्यात रात्री पाने खातात. मांडवात ओले गोणपाट पसरून ठेवावे. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी काठीने किंवा हातमोजा घालून गोळा कराव्यात व मिठाच्या पाण्यात टाकून माराव्यात. मीठ कुंडीत पडू देऊ नये.

लाल कोळी : उन्हाळ्यात पाने फिकट, धुरकट होतात व बारीक जाळी दिसते. पानांच्या झाडांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, नंतर निंबोळी तेल फवारावे.

अभिवृद्धी

हॅवर्थिया, गॅस्टेरिया व कोरफडीची पिल्ले चार-पाच पानांची झाल्यावर वेगळी करावीत. युफोर्बिया, शेर व पोर्ट्युलॅकारिया यांची छाटे सावलीत सुकवून लावावीत. या कामासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हा काळ निवडावा. स्नेक प्लॅन्टच्या पानाचे चार इंची तुकडे करून लावता येतात, पण तुकड्याची खालची बाजू खालीच राहिली पाहिजे. पिवळ्या कडेच्या जातीचे तुकडे लावल्यास नवी रोपे नुसती हिरवी येतात. पिवळी कड हवी असेल तर कंदाची फाळणी करावी. मनी प्लॅन्ट व सिंगोनियमची एक पेराची छाटे जून-जुलैमध्ये लावावीत. झेडझेडच्या पानापासून रोप तयार होते, परंतु त्यास बरेच महिने लागतात.

युफोर्बिया व शेर यांचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. छाटणी करताना चष्मा व हातमोजे वापरावेत. डायफेनबेकियाचे पान चावल्यास तोंडाची आग होऊन सूज येते, म्हणून ते मुलांच्या व जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही असे ठेवावे.

वर्षाचे वेळापत्रक

रोहिणी (मेअखेर) : मिश्रण बदलावे, मांडवाचे छप्पर तपासावे, तळाची भोके मोकळी करावीत.
मृग ते आश्लेषा (जून ते ऑगस्ट) : मांसल झाडे छपराखाली. दर दोन दिवसांनी पाहणी. पानांच्या झाडांची लागवड व खत.
हस्त (सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरचा आरंभ) : हत्तीचा पाऊस संध्याकाळी अचानक कोसळतो. ऊन दिसले म्हणून झाडे उघड्यावर काढण्याची घाई करू नये.
दसरा ते दिवाळी : मांसल झाडे हळूहळू उन्हात न्यावीत. सुरुवातीस फक्त सकाळचे ऊन द्यावे, एकदम ऑक्टोबरच्या उन्हात ठेवल्यास पाने भाजतात. पिल्ले वेगळी करावीत, विक्री सुरू करावी.
होळीनंतर : दुपारच्या उन्हासाठी ५० टक्के सावलीचे शेडनेट बांधावे.

हिशेब ठेवा

समजा, तुम्ही ६० रुपयांची एक याप्रमाणे १०० झाडे आणली. ६,००० रुपये गेले. पावसाळ्यात ३० झाडे मेली तर उरलेल्या ७० झाडांची किंमत तुम्हाला प्रत्येकी सुमारे ८६ रुपये पडली. कुंडी, मिश्रण, मांडव व मजुरी अद्याप धरलेलीच नाही. म्हणून प्रत्येक गेलेल्या झाडाची नोंद वहीत करावी : कोणते झाड, कोणत्या तारखेला गेले, कोणत्या मिश्रणात होते, कोणत्या बाजूला ठेवले होते. दोन पावसाळ्यांनंतर ती वही तुमच्या जागेबद्दल कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त सांगेल.

पहिल्या वर्षी पहिल्या व तिसऱ्या गटातील मिळून पन्नासच झाडे आणावीत. ती एक पावसाळा जगवून दाखवावीत, त्यांचीच पिल्ले व छाटे वाढवावीत आणि मगच विक्रीचा विचार करावा. ज्या झाडाने तुमच्या अंगणात आषाढ-श्रावण काढला, ते खारघरच्या गॅलरीतही जगेल, असे गिऱ्हाइकाला खात्रीने सांगता येते. बाहेरून आणून तशीच विकलेली झाडे पावसाळ्यात मेली की गिऱ्हाईक परत येत नाही.

भाताला पाणी कसे द्यावे हे पनवेलच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. या झाडांसाठी पाणी कुठे थांबवावे एवढे नव्याने शिकावे लागेल. तेवढे साधले तर अर्ध्या गुंठ्याच्या अंगणातही चांगला संग्रह उभा राहील.